दह्यातले जिवाणू, सल्फाची डिस्क आणि फसवी प्लेट : एका प्रयोगशाळेतलं प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातलं. माणसांची आणि संस्थेची ओळख पटेल असं सगळं वगळलंय, प्रयोगातल्या घडामोडी मात्र तशाच ठेवल्यात. मी त्यात सहमार्गदर्शक होतो, म्हणजे चुकीतला भागीदारही. तो भाग पुढे येईलच.

पार्श्वभूमी

विद्यार्थिनीचा पीएच.डी.चा विषय ओळखीचाच होता : घरगुती दह्यातून लॅक्टोबॅसिलस हे जिवाणू वेगळे काढायचे आणि त्यांच्यात प्रोबायोटिक म्हणून, म्हणजे खाल्ल्याने फायदा करणारे जिवंत जिवाणू म्हणून, काही दम आहे का ते पाहायचं. या कामाचा एक ठरलेला रस्ता असतो. जठरातल्या आम्लात जिवाणू टिकतो का, पित्तात टिकतो का, आतड्याच्या पेशींना चिकटतो का, रोगजंतूंना अडवतो का. त्या रस्त्यावर एक थांबा सुरक्षिततेचाही असतो. अन्नातल्या प्रोबायोटिकसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २०११ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रतिजैविकांना असलेला प्रतिरोध तपासायला सांगितलं आहे. कारण साधं आहे. आपण माणसाला रोज कोट्यवधी जिवाणू खाऊ घालणार. त्यांच्याकडे प्रतिरोधाचं जनुक असेल आणि ते आतड्यातल्या एखाद्या रोगजंतूच्या हाती लागलं, तर उपकाराऐवजी अपकार व्हायचा.

तिच्याकडे सात स्ट्रेन, म्हणजे जिवाणूंचे सात वेगवेगळे वाण, होत्या. पाच खेड्यापाड्यांतल्या दह्यातून आणलेल्या, दोन सरकारी संग्रहातून विकत घेतलेल्या. त्या दोनांपैकी एक ऱ्हॅम्नोसस आणि एक प्लँटारम, या लॅक्टोबॅसिलसच्याच दोन जाती. (२०२० साली लॅक्टोबॅसिलस या प्रजातीची २५ प्रजातींत वाटणी झाली, तेव्हा या दोघांची आडनावंही बदलली. विभागात मात्र अजून सगळे 'लॅक्टो'च म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे.)

तिला थोडा निधी एका छोट्या दुग्धव्यवसायाकडूनही मिळत होता. मालक उत्साही गृहस्थ. त्यांना प्रोबायोटिक ताक बाजारात आणायचं होतं, आणि दर भेटीत त्यांचा एकच प्रश्न असायचा : "सर, डॉक्टरांच्या गोळ्या चालू असताना आमचं ताक प्यावं, असं पाकिटावर लिहिता येईल ना?"

प्रतिरोध तपासायला जिवाणू पसरलेल्या प्लेटवर औषध भिजवलेली कागदाची चकती, म्हणजे डिस्क, ठेवतात. औषध चाललं तर तिच्याभोवती वाढ नसलेलं स्वच्छ वर्तुळ दिसतं, त्याला झोन म्हणतात. प्रतिजैविकांच्या यादीत एक डिस्क को-ट्रायमोक्साझोलची होती. सल्फामेथॉक्साझोल हे सल्फोनामाइड आणि त्याच्या जोडीला ट्रायमेथोप्रिम. डिस्कमध्ये २३.७५ मायक्रोग्रॅम सल्फा आणि १.२५ मायक्रोग्रॅम ट्रायमेथोप्रिम, म्हणजे १९ ला १. आधीच्या पिढीला सल्फा नीट आठवतो, जखमेवर भुरभुरायची पांढरी पावडर म्हणून. आज ही जोडगोळी मूत्रमार्गाच्या संसर्गावर दिली जाते, आणि एचआयव्हीबाधितांना फुप्फुसाच्या एका विशिष्ट संसर्गापासून वाचवण्यासाठी महिनोन्‌महिने रोज दिली जाते. म्हणजे 'गोळी चालू असताना ताक' हा प्रश्न काही माणसांसाठी चार दिवसांचा नसतो.

पुढचं कळायला औषध कसं चालतं ते थोडं सांगायला हवं. बहुतेक जिवाणू फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व स्वतः तयार करतात. त्यासाठी त्यांना पॅरा-अमिनोबेन्झॉइक आम्ल लागतं, आम्ही त्याला 'पाबा' म्हणतो. सल्फाचा रेणू दिसायला या पाबासारखाच. एन्झाइम फसतं, खऱ्याच्या जागी तोतयाला बसवून घेतं आणि फोलेटचं काम अडतं. ट्रायमेथोप्रिम त्याच साखळीत एक पायरी पुढे घाव घालतं : तयार फोलेट वापरण्याजोगं करणारं एन्झाइम बंद पाडतं. दोन्हींचा शेवट बराचसा एकाच ठिकाणी होतो. जिवाणूला थायमिडीन मिळेनासं होतं आणि थायमिडीन नाही तर डीएनए नाही. माणूस फोलेट जेवणातून घेतो, स्वतः बनवत नाही, म्हणून सल्फाचा हा वार आपल्याला लागत नाही.

अडचण

सातही स्ट्रेनना को-ट्रायमोक्साझोलचा झोन आला नाही. एकालाही नाही. डिस्कच्या कडेपर्यंत दाट वाढ.

प्रबंधाच्या मसुद्यात तिने लिहिलं : "सर्व स्ट्रेन को-ट्रायमोक्साझोलला नैसर्गिकरीत्या प्रतिरोधक आढळल्या. त्यामुळे या औषधाच्या उपचारादरम्यान त्या सुरक्षितपणे देता येतील." मुख्य मार्गदर्शक मॅडमनी वाचून पुढे पाठवलं. मीही पहिल्या वाचनात त्या ओळीवर थांबलो नाही. प्री-सबमिशन सेमिनारला पाच आठवडे होते, आणि अशा वेळी नजर स्पेलिंगवर आणि आकृत्यांच्या क्रमांकांवर असते.

दुसऱ्या वाचनात खटकलं ते तक्त्यात. बाकीच्या प्रतिजैविकांचे आकडे वरखाली होते. टेट्रासायक्लिनला एक स्ट्रेन कच्ची, दुसरी पक्की. एरिथ्रोमायसिनला बहुतेक सगळ्या संवेदनशील. व्हँकोमायसिनला ऱ्हॅम्नोसस आणि प्लँटारम दोन्ही प्रतिरोधक, आणि ते अपेक्षितच : त्यांच्या पेशीभित्तिकेची वीटच वेगळी असते, औषधाला धरायला जागा नसते. सल्फाच्या रकान्यात मात्र वेगवेगळ्या गावांहून, वेगवेगळ्या जातींच्या सात स्ट्रेन आणि सगळीकडे शून्य, शून्य, शून्य. सात जणांनी एकाच शब्दांत साक्ष दिली की शंका साक्षीदारांवर नाही, साक्ष लिहून घेणाऱ्यावर यावी.

मी तिला विचारलं, "प्लेट कशाच्या होत्या?"

"एमआरएस, सर. लॅक्टो दुसऱ्यावर नीट येत नाहीत."

"आणि कंट्रोल?"

"ई. कोलाय. व्यवस्थित आला, झोन रेंजमध्ये आहे."

"तो कशावर लावलास?"

थोडा वेळ गेला. "म्युलर-हिंटनवर, सर."

घोळ इथे होता. एमआरएस आणि म्युलर-हिंटन ही दोन वेगळी माध्यमं, म्हणजे जिवाणू वाढवायला प्लेटमध्ये ओतलेलं खाद्य. कंट्रोल, म्हणजे ज्याचा निकाल आधीच माहीत असतो तो जिवाणू, पास झाला होता, पण दुसऱ्याच प्लेटचा. डिस्क चांगल्या आहेत एवढंच त्यातून कळत होतं. ज्या माध्यमावर सात स्ट्रेन तपासल्या, ते माध्यम औषधाला काम करू देतं का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

एमआरएसमध्ये काय असतं

१९६० साली दे मान, रोगोसा आणि शार्प या तिघांनी लॅक्टोबॅसिलससाठी हे माध्यम सुचवलं, त्यांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलं. लॅक्टोबॅसिलस खाण्याच्या बाबतीत फार लाडावलेले, म्हणून त्यात सगळं भरभरून आहे : पेप्टोन, गोमांसाचा अर्क, लिटरला २० ग्रॅम ग्लुकोज आणि यीस्टचा अर्क.

या यीस्टच्या अर्काचा इतिहास गमतीचा आहे. १९४० साली लंडनमध्ये डी. डी. वुड्स सल्फाचा परिणाम कशाने पुसला जातो ते शोधत होते. यीस्टच्या अर्कात असं काहीतरी आहे की ते घातलं की सल्फा निष्प्रभ होतो, हे त्यांना दिसलं. त्या 'काहीतरी'चा माग काढत ते पाबापर्यंत पोचले, आणि सल्फा कसा चालतो याचा उलगडा तिथून सुरू झाला. म्हणजे ज्या पदार्थाने सल्फा मारला जातो हे १९४० पासून माहीत आहे, तोच पदार्थ आम्ही चमच्याने मोजून प्लेटमध्ये घालत होतो आणि वर सल्फाची डिस्क ठेवून झोनची वाट पाहत होतो. शिवाय यीस्ट आणि मांसाच्या अर्कातून थायमिडीनही येतं. थायमिडीन आयतं मिळालं की सल्फाने आणि ट्रायमेथोप्रिमने केलेली सगळी अडवणूक जिवाणूला वळसा घालून ओलांडता येते.

सल्फाचं आणि परीक्षानळीचं तसंही पहिल्यापासून पटलेलं नाही. जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्राँटोसिल या लाल रंगाने उंदरांना स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गातून वाचवलं आणि १९३५ साली ते प्रसिद्ध केलं. नळीत मात्र प्राँटोसिल जिवाणूंना काहीच करत नव्हतं. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये कळलं की शरीरात तो रेणू तुटतो आणि त्यातून निघणारं सल्फानिलामाइड हे खरं औषध. तिथे नळी 'नाही' म्हणत होती आणि उंदीर 'हो'. आमच्याकडे प्लेट 'प्रतिरोधक' म्हणत होती, आणि तिला उलटतपासणारं कुणी नव्हतं.

पर्याय

मॅडम, मी आणि विद्यार्थिनी बसलो. समोर चहा होता, बोलणं फार गोड नव्हतं.

पहिला पर्याय : जसं आहे तसं राहू द्यावं. मॅडमचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. एमआरएसवर डिस्क लावून छापलेले ढीगभर लेख आहेत. परीक्षक विचारणार नाहीत, आणि विचारलंच तर संदर्भ दाखवता येतील.

दुसरा : सल्फाचा रकानाच काढून टाकावा. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने प्रोबायोटिकसारख्या जिवाणूंसाठी जी प्रतिजैविकं तपासायला सांगितली आहेत, त्यांत लॅक्टोबॅसिलससाठी सल्फा आणि ट्रायमेथोप्रिम नाहीतच. म्हणजे काढायला आधार होता. मला हा पर्याय सर्वांत मोहाचा वाटला, आणि म्हणूनच मी त्याला नाही म्हणालो. आकडा चुकीचा आहे हे कळल्यावर तो गुपचूप गाळणं आणि तो मुळात न मोजणं यात फरक आहे.

तिसरा : म्युलर-हिंटनवर सगळं पुन्हा. पण साध्या म्युलर-हिंटनवर लॅक्टो धड उगवत नाहीत. अमेरिकी मानकात लॅक्टोबॅसिलससाठी म्युलर-हिंटनमध्ये घोड्याचं फोडलेलं रक्त घालतात. घोड्याचंच का, तर त्यात थायमिडीन तोडणारं एन्झाइम असतं. मेंढीचं रक्त इथे चालत नाही, आणि आमच्या पुरवठादाराकडे मिळायचं ते मेंढीचंच. घोडा शोधायला पाच आठवडे पुरले नसते.

चौथा : लॅक्टोबॅसिलससाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकातलं माध्यम, नव्वद टक्के आयसो-सेन्सिटेस्ट आणि दहा टक्के एमआरएस. बाकी प्रतिजैविकांसाठी हे उत्तमच. एमआरएस आम्लधर्मी असल्यामुळे जेंटामायसिनसारखी औषधंही त्यात मंदावतात, म्हणजे आमचे तेही आकडे संशयास्पद होते. सल्फापुरतं बोलायचं तर त्यातही दहावा हिस्सा एमआरएस, म्हणजे थोडं यीस्ट उरतंच.

पाचवा पर्याय विद्यार्थिनीने स्वतः आणला, आणि तो आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हता. अन्नातलं आणि रक्तातलं फोलेट मोजायला पूर्वापार एक जिवाणू वापरतात. लेबलवर बरीच वर्षं 'केसी' लिहिलेलं, प्रत्यक्षात ऱ्हॅम्नोसस. त्याला फोलेट बनवता येत नाही, जितकं द्याल तितकाच तो वाढतो, म्हणून त्याच्या वाढीवरून फोलेट मोजता येतं. त्या चाचणीसाठी फोलेट काढून टाकलेलं तयार माध्यम मिळतं, 'फोलिक ॲसिड केसी मीडियम'. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेमकं हेच वापरून लॅक्टोबॅसिलस ट्रायमेथोप्रिमला संवेदनशील असल्याचं दाखवलं होतं. तिने तो रात्री वाचून काढला होता.

पहिला निर्णय : आधी स्वस्त प्रयोग

पावडर मागवायला वेळ आणि पैसे दोन्ही लागणार होते. त्याआधी आमची शंका तरी खरी आहे का? त्यासाठी लागणारी वस्तू फ्रीजमध्येच होती : एंटेरोकॉकस फीकॅलिस, एटीसीसी २९२१२. हीच स्ट्रेन जगभर म्युलर-हिंटनच्या नव्या लॉटमध्ये थायमिडीन जास्त आहे का ते पाहायला वापरतात. को-ट्रायमोक्साझोलच्या डिस्कभोवती २० मिमी किंवा जास्त स्वच्छ झोन आला तर माध्यम चांगलं. आणि ही स्ट्रेन एमआरएसवरही आनंदाने वाढते.

शुक्रवारी संध्याकाळी तिने दोन प्लेट लावल्या. तोच जिवाणू, त्याच ट्यूबमधली घनता, त्याच डब्यातली डिस्क. एक म्युलर-हिंटन, एक एमआरएस.

शनिवारी सकाळी दोन्ही प्लेट काळ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवल्या. म्युलर-हिंटनवर डिस्कभोवती स्वच्छ वर्तुळ, पट्टी लावली तर २४ मिमी. एमआरएसवर वाढ डिस्कला चिकटून, जणू डिस्क म्हणजे नुसता कागदाचा तुकडा. मॅडमनी प्लेट उजेडाकडे धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. मग खाली ठेवून म्हणाल्या, "म्हणजे आपण सात स्ट्रेन नाही तपासल्या. एक माध्यम सात वेळा तपासलं."

पहिला पर्याय तिथेच निकालात निघाला. खर्च म्हणाल तर दोन प्लेट आणि दोन डिस्क.

दुसरा निर्णय : प्रश्न तोडून विचारायचा

इथे आम्ही थोडे अडखळलो. मला वाटत होतं नवं माध्यम आलं की जुन्याच पद्धतीने डिस्क लावू. विद्यार्थिनीचं म्हणणं, को-ट्रायमोक्साझोलची डिस्कच नको, दोन्ही औषधं वेगळी तपासू. आमची दहा-पंधरा मिनिटं वादावादी झाली. तिचं बरोबर होतं.

कारण ऱ्हॅम्नोससला सल्फाचं लक्ष्यच लागू नाही. जो घरी स्वयंपाक करत नाही, दोन्ही वेळा डबा मागवतो, त्याच्या ओट्यावरची शेगडी उचलून नेली तर त्याला काय फरक पडणार? पण ट्रायमेथोप्रिम शेगडी नेत नाही, आलेला डबा उघडू देत नाही. आयत्या फोलेटवर जगणाऱ्यालाही ते वापरण्याजोगं करावं लागतंच. म्हणजे एकाच जिवाणूचा सल्फाला एक जबाब आणि ट्रायमेथोप्रिमला दुसरा असू शकतो, आणि जोडडिस्कमध्ये दोन्ही एकमेकांत मिसळून जातात.

दुसरी एक गोष्ट तिच्या वहीतून कळली. तिने रात्रभर वाढलेलं कल्चर घनता न जुळवता तसंच प्लेटवर फिरवलं होतं. सल्फाच्या बाबतीत दाट इनॉक्युलम, म्हणजे सुरुवातीलाच खूप जिवाणू पसरणं, ही स्वतंत्र फसवणूक आहे : औषध लागू होईपर्यंत जिवाणू साठवलेल्या फोलेटवर काही पिढ्या वाढून घेतात, आणि संख्या जास्त असेल तर तेवढ्यानेच प्लेट भरते. या वेळी घनता मॅकफार्लंडच्या, म्हणजे ठरावीक गढूळपणाच्या, नळीशी जुळवून पातळ केली.

काय केलं

फोलिक ॲसिड केसी माध्यमाची बाटली दोन आठवड्यांनी आली. त्यात मोजकं फोलिक ॲसिड घालून, ट्रायमेथोप्रिमची मात्रा दुपटीने वाढवत नेत, प्रत्येक स्ट्रेन तीन प्रकारे लावली : नुसत्या नव्या माध्यमात, त्याच माध्यमात थायमिडीन घालून, आणि तुलनेला एमआरएसमध्ये. तिसरा भाग मी आग्रहाने ठेवायला लावला. पहिल्या दोन वेळा जिवाणूंची वाढच धड झाली नाही. तिसऱ्या वेळी मेणबत्तीचा जार सोडून शेजारच्या विभागातून ॲनारोबिक (आत ऑक्सिजन नसलेला) जार उसना आणला, तेव्हा जमलं. उसन्या जारचं झाकण घट्ट बसत नव्हतं, त्यावर ग्रीस लावून वर डिक्शनरी ठेवली होती. हे प्रबंधात लिहिलेलं नाही.

बाकी प्रतिजैविकं आंतरराष्ट्रीय मानकाच्या माध्यमात पुन्हा केली. सल्फा-प्रतिरोधाच्या सूल-१ आणि सूल-२ या जनुकांसाठी पीसीआर केला. संग्रहातल्या दोन स्ट्रेनचे जीनोम उपलब्ध होते, त्यांत फोलेट बनवायची साखळी कुठवर आहे ते पाहिलं.

नव्या माध्यमात सल्फाबद्दल मात्र काहीच म्हणता येणार नव्हतं, आणि हे आम्हाला बाटलीवरची घटकांची यादी वाचताना कळलं. त्या पावडरीत पाबा घातलेलं असतं. माध्यम फोलेट मोजण्यासाठी बनवलेलं, सल्फा तपासण्यासाठी नाही. एका सापळ्यातून निघून थेट दुसऱ्यात पाय पडता पडता राहिला.

निष्पत्ती

सातपैकी पाच स्ट्रेन नव्या माध्यमात ट्रायमेथोप्रिमच्या कमी मात्रेलाच थांबल्या. त्याच पाच एमआरएसमध्ये सर्वांत वरच्या मात्रेतही गढूळ वाढल्या. नव्या माध्यमात थायमिडीन घातलं की पुन्हा वाढल्या. हा थायमिडीनचा रकाना सगळ्यांत बोलका, कारण एकच गोष्ट काढली की औषध चालतं आणि तीच परत घातली की चालत नाही, हे त्यातून समोरासमोर दिसलं. उरलेल्या दोन स्ट्रेन दह्यातल्या होत्या. त्या सगळीकडे वाढल्या. त्यांच्याबद्दल प्रबंधात 'कारण निश्चित झालं नाही, जीनोम तपासणं आवश्यक' एवढंच आहे. सूल-१ आणि सूल-२ कुणातच सापडले नाहीत. सल्फाच्या रकान्यात आकड्याऐवजी एक परिच्छेद आला.

सेमिनार तीन आठवडे पुढे गेला. त्यावरून विभागप्रमुख थोडे तापले.

तिसरा निर्णय : मग खरी प्लेट कोणती?

हा प्रश्न सेमिनारमध्ये एका बाहेरच्या सरांनी विचारला, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर मी तोवर तो स्वतःला विचारला नव्हता. ते म्हणाले, "तुम्ही थायमिडीन नसलेलं माध्यम शोधलंत, छान. पण आतड्यात थायमिडीन नसतं का?"

असतंच. अन्नातलं, मेलेल्या पेशींचं, मेलेल्या जिवाणूंचं. पू साठलेल्या जागी सल्फा चालत नाही हे जुन्या शल्यचिकित्सकांना माहीत होतं, कारण तिथे मेलेल्या ऊतींनी जिवाणूंना हवं ते पुरवलेलं असतं. त्या अर्थाने आतडं हे आमच्या शुद्ध माध्यमापेक्षा एमआरएसच्याच जास्त जवळचं. म्हणजे मसुद्यातलं पहिलं वाक्य, 'प्रतिरोधक आहेत', चुकीचं. दुसरं, 'औषधासोबत टिकतील', कदाचित खरंही निघेल, पण दिलेल्या कारणाने नाही, आणि आमच्या पुराव्याने तर नाहीच.

विद्यार्थिनीने उत्तर दिलं की तिच्या प्रयोगाचा प्रश्न 'या स्ट्रेनकडे दुसऱ्याला देता येईल असा प्रतिरोध आहे का' एवढाच होता, आणि त्यासाठी औषधाला मोकळं सोडणारं माध्यमच हवं. आतड्यात काय होईल याला कुठलीच प्लेट पुरेशी नाही, त्यासाठी औषध घेणाऱ्या माणसांच्या विष्ठेत स्ट्रेन मोजावी लागेल. सर मान हलवून पुढच्या स्लाइडवर गेले. मी मागच्या रांगेत वहीत ते वाक्य लिहून घेतलं.

ताकवाल्या मालकांना हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी दोन्ही प्लेटचे फोटो फोनवर दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे चालतं की नाही?" मी म्हटलं, आम्हाला माहीत नाही, आणि माहीत नाही तोवर पाकिटावर लिहू नका. ते नाराज झाले. पुढच्या वर्षी निधी आला नाही. ताक बाजारात आलं, पाकिटावर गोळ्यांचा उल्लेख नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी कंट्रोल त्याच माध्यमावर लावला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. ई. कोलायचा झोन रेंजमध्ये आला म्हणून आम्ही तिघंही निर्धास्त राहिलो. आता विभागात नियम आहे : कंट्रोलच्या प्लेटवर माध्यमाचं नाव आणि लॉट नंबर पेनने लिहायचा, आणि तो नमुन्याच्या प्लेटशी जुळला नाही तर निकाल वहीत चढवायचा नाही.

दुसरं, दुग्धव्यवसायाकडून आलेला प्रश्न आमच्या नकळत निष्कर्षात शिरला होता. तिने ते वाक्य कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं नव्हतं. पण दोन वर्षं दर भेटीत तेच विचारलं गेलं की उत्तर आधी तयार होतं आणि प्रयोग त्याच्या मागून येतो. निधी घेताना काय तपासणार आणि काय म्हणणार नाही, हे लेखी ठरवायला हवं होतं.

सल्फासाठी पाबा आणि थायमिडीन दोन्ही नसलेलं, घटक मोजून बनवलेलं माध्यम आम्ही तयार करायला हवं होतं. पाच आठवड्यांत ते जमलं नसतं, पण तीन वर्षांत जमलं असतं. वेळ आकृत्या रंगवण्यात गेला.

आता माझा भाग. प्रबंध पूर्ण झाल्यावर मी माझे जुने कागद काढले. बारा वर्षांपूर्वी मी एका छोट्या नियतकालिकात ताकातल्या लॅक्टोंवर लेख छापला होता. त्यातला तिसरा तक्ता : को-ट्रायमोक्साझोल, एमआरएस, सगळ्या स्ट्रेन प्रतिरोधक, आणि खाली 'उपचारादरम्यान उपयुक्त ठरू शकतील' असं एक वाक्य. विद्यार्थिनीने तिचं वाक्य तिथूनच उचललं होतं. संदर्भ क्रमांक एकतीस. मी मसुदा दोनदा वाचला, तेव्हा स्वतःचं नाव दिसलं, आवडलं आणि पुढे गेलो.

ते नियतकालिक आता बंद पडलंय, संपादकांच्या पत्त्यावर पाठवलेली मेल परत आली. लेखाची पीडीएफ मात्र नेटवर आहे. गेल्या महिन्यात सूचना आली की आणखी एका लेखात तिचा संदर्भ दिला गेलाय. उघडून पाहिलं : तक्ता तीन. मी त्या लेखकांना मेल लिहिली, सोबत शनिवारच्या सकाळचा दोन प्लेटचा फोटो जोडला. अजून उत्तर आलेलं नाही.